बारा पिंपं आणि एक प्रमुख पाहुणे

मेळाव्याच्या नियमांतला पहिला नियम होता, व्यासपीठ असणार नाही. शनिवारी संध्याकाळी मी सांगलीतल्या त्या शाळेच्या मैदानावर पोचले तेव्हा व्यासपीठावर लाल गालिचा ठोकणं चालू होतं. दुसरा नियम होता, सत्कार होणार नाहीत. गालिच्याशेजारी दोन पोती उभी होती. एकात नारळ होते, दुसऱ्यात शाली. तिसरा नियम असा, की ज्याला जो दावा करायचा असेल तो त्याने सगळ्यांसमोर तपासू द्यायचा. तो मोडायला मात्र रविवार उजाडावा लागला.

परत येऊन आता तीन आठवडे झाले. राग उतरला की लिहू, असं ठरवलं होतं. तो उतरायचं नाव घेत नाही, म्हणून आहे तशीच लिहायला बसले आहे.

मी अमरावतीची. शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा शंकांची बैठक भरवायला लागले. कुणीही यावं, सतरंजीवर बसावं, मनातली शंका विचारावी, जमलं तर तिथंच प्रयोग करून पाहावा. अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन नाही. चहासुद्धा ज्याचा त्याने आणायचा. सातारा-सांगलीकडच्या काही मंडळींच्या कानावर हे गेलं. त्यांना असाच, पण मोठ्ठा, मैदानावरचा मेळावा भरवायचा होता. "तुम्ही चार दिवस आधी या आणि नियम नीट बसवून द्या," असं त्यांनी कळवलं. नियम बसवून द्यायला म्हणून मी गेले. ते कसे उठले, त्याची ही हकीकत.

सातारा

साताऱ्याचं रेल्वे स्टेशन साताऱ्यात नाही, हे रिक्षात बसल्यावर कळतं. गुरुवारी सकाळी मला न्यायला निवृत्त सुभेदार जाधव आले होते. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट, आणि काखेत फाइल.

"मॅडम, गाडी बारा मिनिटं लेट," ते म्हणाले. मी माफी मागितली. त्यांनी ती दिली.

त्यांच्या वस्तीत दारावरच्या पाट्यांवर माणसाच्या नावाआधी हुद्दा येतो. सुभेदार, हवालदार, नाईक. आमच्याकडे पाटीवर पदव्या असतात, आणि त्यातली एखादी अपूर्ण असते. इथे तसं नाही; जो हुद्दा आहे तो मिळवलेला आहे आणि माणूस त्याला साजेसा चालतो. मागे अजिंक्यतारा सकाळच्या उन्हात तांबूस दिसत होता. सुभेदार रोज त्याच्यावर चढून येतात. "किती वेळ लागतो?" असं मी विचारलं, तर त्यांनी वही उघडून गेल्या सहा महिन्यांच्या वेळा दाखवल्या.

जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि खर्डा होता. "बेतानं घ्या, आमचं तिखट लय असतंय," असं सुभेदारांच्या पत्नी म्हणाल्या. मी हसून म्हटलं, "मी वऱ्हाडची आहे." ह्या वाक्याची शिक्षा मला पुढच्याच घासाला मिळाली. आमच्याकडचं तिखट तर्रीतून येतं, वळसे घेत येतं. साताऱ्याचा खर्डा इथल्या बोलण्यासारखा आहे. मध्ये काही न आणता थेट भेटतो. मी पाणी पीत असताना बाईंनी मुद्द्याचा प्रश्न विचारला.

"आवं, ह्या मेळाव्यात जेवान कोन करनार?"

"कुणीच नाही. प्रत्येकानं आपली शिदोरी आपण आणायची."

"म्हंजे ह्यांची बी मीच बांधनार, न्हवं का?"

नियमांतली ही फट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. सुभेदारांनी रविवारी भाकरी स्वतः थापायचं कबूल केलं. तसं त्यांनी वहीत लिहूनही घेतलं.

सुभेदारांना मी विचारलं, ह्या शंकांच्या वाटेला तुम्ही कसे लागलात? ते म्हणाले, "युनिटमध्ये प्रत्येक जवानाच्या गळ्यात ताईत होता. मग एकदा विचार आला, समोरच्या बंकरमधल्यांच्या गळ्यात पण असणार. मग कुणाचा चालला?" एवढंच. मी ह्यावर तासभर व्याख्यान देत असते.

त्यांच्या फाइलीत मैदानाचा नकाशा होता आणि त्यावर लाल पेनने बारा गोल काढलेले होते. ती बारा पिंपं. मेळाव्याचा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग त्या पिंपांचा होता. आष्ट्याचे एक पाणाड्या, म्हणजे जमिनीतलं पाणी कुठे आहे ते सांगणारे गृहस्थ, स्वतःची परीक्षा करून घ्यायला तयार झाले होते. बारापैकी सहा पिंपांत पाणी, सहा रिकामी, सगळ्यांवर झाकणं आणि गोणपाट. कोणती सहा भरायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

"भरणार मी एकटा," सुभेदार म्हणाले, "आणि भरून झाल्यावर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभा राहणार. चेहऱ्यावरनंसुद्धा काही कळता कामा नये. शिट्टी वाजेपर्यंत वळणार नाही."

निघताना त्यांनी कंदी पेढ्यांचा पुडा हातात दिला. माझा पेढ्यांवरचा विश्वास कोणत्याही प्रयोगाविना कायम आहे.

आष्टा

शुक्रवारी आष्ट्याला जाताना एसटी निम्मा रस्ता उसाच्या मागे होती. एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रेलर, त्यावर दुमजली घराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर असा स्पीकर की मागच्या दोन मैलांतल्या सगळ्यांना गाणं पाठ व्हावं. ऊस कारखान्याकडे निघाला होता आणि आम्ही उसाच्या वरातीत होतो.

स्टँडवर उज्ज्वला दुचाकी घेऊन उभी होती. ती पस्तिशीतली, कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात तपासनीस आहे. लेथवरून उतरलेला प्रत्येक भाग बरोबर मापाचा आहे का, ते ती पाहते. मेळाव्याची मूळ कल्पना तिची, आणि पाणाड्या तिचे वडील. हे दुसरं मला तिथं कळलं.

"आधी सांगितलं असतंस तर?" मी म्हटलं.

"तर तुम्ही म्हणाला असता, घरातलं भांडण मैदानावर कशाला आणता."

म्हटलं असतं, हे खरं.

आष्टा कृष्णेच्या जवळ. चहूकडे ऊस, पाटाला पाणी. ह्या गावच्या माणसाने पाणी शोधायचा धंदा करावा हे मला चमत्कारिक वाटलं. पण बापूंना, म्हणजे उज्ज्वलाच्या वडिलांना, बोलावणी येतात ती जत, कवठेमहांकाळकडून, जिथं नदी नाही आणि आशा भरपूर आहे. बापू सत्तरीचे. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, बोलणं हळू. त्यांची रीत अशी: उपाशीपोटी शेतात जायचं, तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि चालत राहायचं. पाण्यावर आलं की नारळ उभा राहतो.

"चाळीस वर्सं झाली," बापू म्हणाले. "ही माझी लेक म्हनती, बापू, नारळ तुमीच हालवता. मी म्हनतो, मी न्हाई हालवत."

"तुम्ही मुद्दाम हालवता असं कुठं म्हटलं मी?" उज्ज्वला म्हणाली. "हात आपसूक हालतो. माणसाला कळत नाही."

"आवं मॅडम, ऐकलं का? हात माझा, आनि मलाच ठाव न्हाई म्हनं!"

हे भांडण जुनं होतं. दोघांनाही त्यातली सगळी वाक्यं पाठ होती. नवीन होतं ते बापूंनी नंतर सांगितलं, उज्ज्वला भरीत करायला आत गेल्यावर.

"गेल्या साली जतकडं एका गड्याला जागा दावली. तीन जागा दावल्या. तिन्ही बोअर कोरड्या. नुसता फुफाटा वर आला. तो गडी मला एक शब्द बोलला न्हाई मॅडम. म्हनला, बापू, नशीब माझं. वर चहा पाजला. त्यो चहा अजून माझ्या घशाखाली उतरला न्हाई." त्यांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. "आता हितनं म्होरं कुनाच्या रानात पाय टाकायचा तर मला ठाव पायजे. हात खरा का खोटा. खरा असला तर लेकीनं गप बसावं. खोटा असला तर मी बसतो."

"सगळ्यांसमोर चालेल?"

"सगळ्यांम्होरंच. चाळीस वर्सं सगळ्यांम्होरंच केलंय. पर एक सांगतो. हरलो तर हरला म्हना. हसायचं न्हाई."

मी शब्द दिला. कुणी हसणार नाही. शंका विचारणाऱ्यांच्या मेळाव्यात स्वतःला तपासून घ्यायला आलेल्या माणसाला हसतील अशी माणसं कशी येतील, असं मी अगदी प्रामाणिकपणे समजत होते. साठी उलटलेल्या बाईने इतकं भाबडं असू नये.

भरीत कृष्णाकाठच्या वांग्याचं होतं. एक वांगं तिघांना पुरलं. आमच्याकडे वांग्यात बी जास्त आणि त्याची प्रतिष्ठा कमी. इथे वांग्याबद्दल लोक घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. जेवताना उज्ज्वलाने पर्समधून एक लोखंडी दांडी काढून दाखवली. तिला ती गेज म्हणते. दांडीचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. दोन्ही झालं तर माल पास.

"ह्याला कुणाची ओळख सांगून उपयोग नाही," ती म्हणाली. "मालकाचा मेव्हणा आला तरी टोक जात नाही म्हणजे नाही."

बापूंनी दांडी हातात घेऊन वजन पाहिलं. "मला बी असंच एक लावा," ते म्हणाले.

सांगली

शनिवारी संध्याकाळी गालिचा ठोकून घेत होते ते प्राध्यापक माने. ते मेळाव्याचे निमंत्रक. खरं तर हा माणूस वाईट नाही. गावोगाव स्वखर्चाने फिरून अंगात येणं, करणी, भानामती ह्यांवर ते बोलत आले आहेत. एका गावात त्यांना दगडही बसले आहेत. दगडांनी त्यांचं काही बिघडलं नाही. शालींनी बिघडलं.

"मॅडम, साहेब स्वतःहून येतो म्हणाले," ते म्हणाले. साहेब कोण ते लिहीत नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक असतात, ओळखायला अडचण पडणार नाही. "आता नाही कसं म्हणायचं?"

"'नाही' असं म्हणायचं."

"अमरावतीकडे चालत असेल. इथं विवेकाचा नंदादीप तेवत ठेवायचा तर चार मान्यवर जोडावे लागतात. नाहीतर दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ येत नाही."

उज्ज्वला म्हणाली, "सर, नियम आपण सगळ्यांनी मिळून केलेत. तुम्हीच वाचून दाखवलेत."

"नियम आहेतच गं. आपण फक्त पंधरा मिनिटं ते बाजूला ठेवतोय. दहाला साहेब येतील, सव्वादहाला जातील."

माझं चुकलं ते इथं. मला तेव्हाच सतरंजी उचलून मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात मेळावा भरवता आला असता. पण मी पाहुणी, प्रवासाने शिणलेली, समोर गरम भडंगाची बशी आलेली. मी पंधरा मिनिटं मान्य केली.

रविवारी सकाळचा पहिला तास मात्र असा गेला की तेवढ्यासाठी पुन्हा अमरावतीहून यावं. दोनअडीचशे माणसं आली. एका शिक्षकाने छोट्या दुर्बिणीतून सूर्य कागदावर पाडला होता आणि त्यावरचे डाग लोक बोटाने मोजत होते. एक परिचारिका साप चावल्यावर काय करू नये ते स्वतःच्या पायाला पट्टी बांधून दाखवत होती. सुभेदारांच्या पत्नींनी हळदीवर चुन्याची निवळी टाकून लाल रंग काढला आणि म्हणाल्या, "ह्ये बघा, भगत लिंबातनं काढतोय त्ये रगत. हळदीच्या गावात ह्याला कोन भुलतंय?" एका बाईंनी विचारलं, मी ग्रहणात भाजी चिरली आणि नंतर ओठाला चीर असलेली नात झाली, ते माझ्यामुळे का? परिचारिका दुर्बिणीपाशी त्या बाईंच्या शेजारी खाली बसली आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. बाई उठल्या तेव्हा त्यांची चाल बदललेली होती. मेळावा ह्यासाठी असतो. हे पेपरात येत नाही.

सुभेदारांनी पहाटेच पिंपं भरली होती आणि नऊ वाजता ते मैदानाच्या टोकाला पाठ करून उभे राहिले होते. बापू पहिल्या रांगेत बसले होते. कडक इस्त्री, नवी टोपी, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ. उपाशी.

दहाला ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, साहेब निघाले. अकराला सांगितलं, साहेब निघाले. साडेअकराला सांगितलं, साहेब पलूसला एका वास्तुशांतीला थांबून निघाले. तोवर माने सरांनी दुर्बीण बाजूला घ्यायला लावली, कारण तिची तिकाटी गालिच्यावर येत होती. परिचारिकेला पाय खाली घ्यायला सांगितलं. लोकांना खुर्च्यांत बसवलं. ज्या मैदानावर तासभर माणसं एकमेकांशी बोलत होती, तिथं आता सगळे एका दिशेला तोंड करून गप्प होते.

मी दोनदा बापूंजवळ गेले. "थोडं खाऊन घ्या."

"न्हाई. हात उपाशीच बोलतो," ते म्हणाले. "येऊ द्या त्यास्नी."

सुभेदार टोकाला उभेच होते. ऊन डोक्यावर आलं होतं.

साहेब एक वाजता आले. पाच गाड्या, आणि प्रत्येक गाडीतून गाडीत मावणार नाहीत एवढी माणसं. साहेबांच्या चार बोटांत चार खड्यांच्या अंगठ्या होत्या. अर्धी ग्रहमाला हातात घेऊनच ते विज्ञाननिष्ठांना भेटायला आले होते. मग दीपप्रज्वलन. वारा होता, काडी विझे, आणि पाच जणांनी समईला इतकं घट्ट घेरलं की ज्योतीला हवाच मिळेना. त्या पाचांतल्या तिघांनी जन्मभर मुलांना ज्वलनाला प्राणवायू लागतो हे शिकवलं आहे.

मग शाली. मग भाषण. साहेब पन्नास मिनिटं बोलले. कुलदैवताच्या कृपेने आपल्या जिल्ह्यात विज्ञानाची परंपरा आहे, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मला धक्का बसला तो त्या वाक्याचा नाही, टाळ्यांचा. वाजवणाऱ्यांत नियम लिहायला बसलेली चार माणसं होती.

शेवटी माने सरांनी बापूंना वर बोलावलं. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि माइकवर म्हणाले, "आज अंधश्रद्धेचा पराभव होतो आहे."

"आवं पर साहेब, अजून बघितलं कुठं?" बापू म्हणाले.

लोक हसले. साहेबही हसले. "मग बघू की! हाच नारळ घ्या. चला, फोटोवाले पुढं या."

प्रयोग असा करायचा नव्हता. बापूंनी बाराही पिंपांवरून फिरायचं होतं, प्रत्येकाचं उत्तर कागदावर लिहून घ्यायचं होतं आणि झाकणं शेवटी एकदमच उघडायची होती. मी आणि उज्ज्वला हे ओरडून सांगत होतो. पण माइक त्यांच्याकडे होता. बापू पहिल्या पिंपावरून गेले. दुसऱ्यापाशी नारळ तळहातावर उभा राहिला. साहेबांच्या माणसाने गोणपाट ओढला, झाकण उचललं, पिंप आडवं केलं.

रिकामं.

आणि मैदान हसलं. खुर्च्यांवरून, गालिच्यावरून, गाड्यांजवळून. कुणीतरी ओरडलं, "बापू, नारळाला चष्मा लावा!" साहेबांनी बापूंच्या पाठीवर थाप मारली. "दुसऱ्या पिंपातच विज्ञान जिंकलं!" त्यांनी जाहीर केलं. बापू तसेच उभे. खांद्यावर शाल, हातात नारळ. ते माझ्याकडे पाहत होते. मी शब्द दिला होता.

तेवढ्यात मैदानाच्या टोकाकडून आवाज आला. "थांबाऽऽ!" पाच तास पाठ करून उभे असलेले सुभेदार वळले होते आणि लांब टांगा टाकत येत होते. "दोन नंबर मी भरला होता! स्वतः, काठोकाठ! पाणी गेलं कुठं?"

मग शामियानावाल्यांतला एक माणूस म्हणाला, "आवं, सरच म्हनले, धुरळा लय उडतोय, साहेब यायच्या आत मैदानावर पाणी मारा. हितं जवळ पिंपं होती. चारपाच ओतली. झाकनं परत नीट लावली की."

झाकणं खरंच नीट लावली होती. सुभेदारांनी बाकीचीही उघडून पाहिली. सहापैकी पाच पिंपं साहेबांच्या पायाला धूळ लागू नये म्हणून जमिनीत गेली होती.

साहेब तोवर गाडीत बसले होते. माने सरांना मी माइकवरून खुलासा करा म्हटलं. त्यांनी माइक बंद केला आणि मला बाजूला घेतलं. "मॅडम, कशाला? शेवटी पाणाड्या हरला हाच संदेश गेला ना? आपल्याला तेच हवं होतं."

मला तेच हवं नव्हतं. मला खरं हवं होतं, आणि ते बापूंच्या बाजूने निघालं असतं तरी चाललं असतं, असं मी त्यांना सांगितलं. आणखी काय सांगितलं ते छापण्याजोगं नाही.

पण गंमत पुढेच आहे. बातमी खुर्च्यांपर्यंत गेली तशी वाऱ्याची दिशा फिरली. "दोन नंबरात पाणी हुतंच की रं! बापूनं बरोबर वळिखलं!" मघाशी चष्मा लावा म्हणणारा गडीच पुढे झाला. आष्ट्याकडच्या चारपाच जणांनी बापूंना उचलून घ्यायची तयारी केली. एका पिंपावर निकाल लागला होता, दोनदा, दोन्ही बाजूंनी, आणि प्रत्येकजण आपापला घेऊन घरी जायला मोकळा होता.

बापूही मोकळे होते. जिंकल्याचा डंका गावापर्यंत वाजला असता. लेक गप्प बसली असती. जतचा तो चहा घशाखाली उतरला असता.

बापूंनी शालीची घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. "एका पिंपानं काय कळतंय?" ते म्हणाले. "उज्जे, तुज्या कारखान्यात नळ हाय न्हवं? चल."

कुपवाड

टेंपोत बारा पिंपं, पिंपांच्या मध्ये सुभेदार. कुपवाडला कारखान्याची सुट्टी होती. उज्ज्वलाने मालकांना फोन करून किल्ली मागितली. आत तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास होता, आणि यंत्रांवर फडकी टाकलेली होती. आम्ही सगळे मिळून नऊ जण. सूर्यावरचे डाग दाखवणारे शिक्षक होते, परिचारिका होती, ग्रहणवाल्या बाई होत्या. व्यासपीठ नव्हतं.

पुन्हा चिठ्ठ्या. आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो, सुभेदारांनी पिंपं भरली आणि ते मागच्या दाराने निघून गेले. मग बापू आत आले. त्यांनी स्वतःचा नारळ पिशवीतून काढला. उज्ज्वला कागद घेऊन भिंतीपाशी बसली होती, मान खाली घालून, तिला काही ठाऊक नसलं तरी तिच्या चेहऱ्यावरून बापूंना काही दिसू नये म्हणून.

बापू घाई न करता चालले. प्रत्येक पिंपापाशी थांबत, डोळे मिटत आणि सांगत, "हाय." "न्हाई." तीनचारदा त्यांनी परत मागे जाऊन पाहिलं. कुणी खाकरलंसुद्धा नाही. माझा शब्द मला इतक्या वेळाने पाळता आला.

झाकणं उघडली. बारापैकी सहा बरोबर.

"चांगलं का वाईट?" बापूंनी विचारलं.

उज्ज्वलाने कागद शिक्षकांच्या हातात दिला. शिक्षक म्हणाले, "बापू, नाणं उडवून सांगितलं असतं तरी साधारण एवढंच आलं असतं."

"पुन्यांदा भरा," बापू म्हणाले.

पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा सगळे बाहेर. ह्या वेळी पाच. बापू एका उलट्या खोक्यावर बसले. त्यांनी नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्या खोक्याखाली ना पिंप होतं, ना रान. थोड्या वेळाने नारळ हळूच उभा राहिला.

"अगं, हालतोय की गं," ते म्हणाले. "मी न्हाई हालवत, आन् हालतोय. पोरी, तू म्हनतीस त्येच."

उज्ज्वला त्यांच्या पायाशी बसून रडायला लागली. इतकी वर्षं जिंकायची वाट पाहत होती. जिंकल्यावर काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. सुभेदारांनी आपली शिदोरी सोडली. भाकऱ्या त्यांनी स्वतः थापलेल्या होत्या, आणि तशा दिसतही होत्या. बापूंनी त्या दिवसाचा पहिला घास त्यातला खाल्ला.

"सुभेदार, भाकरी बी झाकून तपासायला पायजे हुती," ते म्हणाले. आणि तेव्हा आम्ही सगळे हसलो, त्यांच्यासकट.

पुन्हा आष्टा

सोमवारच्या पेपरात फोटो होता. साहेब, नारळ, शाल. खाली मथळा: विज्ञानापुढे पाणाड्या नतमस्तक. मथळ्याखालच्या मजकुरात पिंपांतल्या पाण्याचं काय झालं ते नव्हतं, कुपवाड नव्हतं, आणि बापूंचं नावही नव्हतं. माने सरांचं होतं.

पुण्याची एसटी आष्ट्याला दहा मिनिटं थांबते. बापू स्टँडवर दोन वांगी आणि पिशवी घेऊन उभे होते. मी खिडकीतून पेपर दाखवायचा नाही असं ठरवलं होतं. त्यांच्या खिशातच तो दुमडलेला होता.

"बघितला," ते म्हणाले. "नतमस्तक म्हनं. मी तर ताठ हुबा हाय फोटूत."

मी काही म्हणणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते मोठ्याने बोलणारे, पलीकडचाही तसाच. जतकडचा कुणी होता. बोअरची गाडी बुधवारी येणार होती, बापूंनी मंगळवारी येऊन जागा दाखवावी.

"न्हाई येत," बापू म्हणाले. "बरा हाय मी, ताप न्हाई. न्हाई, दुसऱ्याकडं बी न्हाई जात. आरं, हात खोटा निघाला माझा." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. "कुनी सांगितलं म्हंजे? कोन सांगनार मला? मीच बघितलं. चोवीस पिंपं. तू भूजल खात्याच्या साहेबाला विचार. त्यो बी चुकंल, पर का चुकला त्ये तुला सांगंल."

त्यांनी फोन बंद केला. मी इतकी वर्षं सभा, परिषदा, चर्चासत्रं पाहिली. त्यांत विद्वान होते, मान्यवर होते, मी होते. "माझं चुकलं, मीच तपासलं" हे वाक्य त्यांतल्या एकाही माइकवरून मी ऐकलेलं नाही.

कंडक्टरने घंटा दिली. बापूंनी पिशवीतून नारळ काढला. साहेबांनी दिलेला नव्हे. तो ते मैदानावरच विसरून आले होते. हा त्यांचा, हातात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. खिडकीतून तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला.

"घरी जाऊन चटणी करा," ते म्हणाले. "आता आमाला बी नारळ खायापुरताच."